पाच सेंटचा डाग

घरातल्या जुन्या लोखंडी कपाटाचं दार एकदा नीट बघा. लहानपणी कुणीतरी त्यावर क्रिकेटपटूचा नाहीतर कार्टूनचा स्टिकर लावलेला असतो. पुढे लावणारा मोठा होतो, त्याला त्या स्टिकरची लाज वाटायला लागते, आणि एका दिवाळीच्या साफसफाईत नखानं, सुरीच्या मागच्या बाजूनं, खोबरेल तेल चोळून तो खरवडून काढला जातो. स्टिकर जातो, त्याचा चौकोन मात्र जात नाही. आजूबाजूचा रंग विटलेला असतो आणि चौकोनातला रंग कपाट घरात आलं त्या दिवशीसारखा दिसतो. आई म्हणते, "त्यापेक्षा स्टिकर बरा होता!"

हा लेख अशाच एका डागाबद्दल आहे. फक्त हे कपाट अमेरिकेतलं आहे, लालभडक आहे, आणि त्यात कपड्यांऐवजी कोका-कोलाच्या थंडगार बाटल्या ठेवल्या जायच्या.

१९५०च्या दशकातली कोका-कोलाची व्हेंडिंग मशीन्स अमेरिकेत आज हौसेनं जमवली जातात. गोलाकार खांद्यांची, जाड पत्र्याची ही यंत्रं जुन्या पेट्रोल पंपांच्या पडवीत, बंद पडलेल्या गॅरेजमध्ये, कुणाच्या शेतावरच्या गोदामात सापडतात. हौशी माणूस ते धूड टेम्पोत घालून घरी आणतो आणि साफ करायला घेतो. नाणं टाकायच्या फटीजवळ किमतीची चिठ्ठी असते, '१० सेंट'. ती तडकलेली, पिवळी पडलेली असते, म्हणून तो ती काढतो. खाली तिचा डाग असतोच. पण कधीकधी त्या डागाच्या आत आणखी एक डाग असतो. मोबाइलचा टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून तिरपा धरला की तो वाचता येतो. तो आकडा असतो ५.

मग प्रश्न पडतो, हा डाग काढायचा कसा? त्याचं उत्तर पुढे येईलच. पण त्याआधी तो डाग तिथे आला कसा, हे बघायला हवं. कारण त्या आकड्यामागे अर्थशास्त्राच्या इतिहासातली एक विचित्र गोष्ट आहे. एका वस्तूची किंमत सत्तरहून अधिक वर्षं हलली नाही, आणि ती न हलण्यात या लाल यंत्रांचाही हात होता.

बबलगममधला टॅटू

आधी या चिठ्ठीबद्दल. तिला इंग्रजीत डेकल म्हणतात. मूळ फ्रेंच शब्द 'देकाल्कोमानी', म्हणजे चित्र एका पृष्ठभागावरून दुसऱ्यावर उतरवायची कला. एकोणिसाव्या शतकात युरोपात या प्रकाराचं वेडच पसरलं होतं. लोक फुलदाण्या, पेट्या, टेबलं अशी मिळेल त्या वस्तूवर छापील चित्रं उतरवत बसायचे. पुढे तो शब्द अमेरिकेत आखूड झाला.

डेकल आणि आजचा स्टिकर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्टिकरला पाठीमागे चिकट थर असतो. सोलला की लावला. जुनं डेकल पाण्यात भिजवावं लागायचं. कागदावर पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाचा थर, त्यावर वार्निशचा किंवा लॅकरचा अगदी पातळ पापुद्रा आणि त्या पापुद्र्यातच शाईनं छापलेली अक्षरं. भिजवलं की डिंक सुटतो, पापुद्रा कागदावरून घसरतो आणि पत्र्यावर बसतो. पाणी निथळलं की पत्र्याला असा चिकटतो की जणू रंगानंच अक्षरं काढली आहेत. बबलगमच्या वेष्टणातला टॅटू ओला करून हातावर दाबला असेल, तर तुम्ही या कलेच्या एका धाकट्या भावाला भेटलेला आहात.

कारखान्यांना डेकल आवडायचं त्याचं कारण सरळ होतं. दर यंत्रावर पेंटर बसवून अक्षरं रंगवण्यापेक्षा हजारो डेकल छापून घेणं स्वस्त, आणि अक्षरं सगळीकडे सारखी. ब्रँडचं नाव काही यंत्रांवर पत्र्यातच ठोकून उठवलेलं असायचं, कारण ते बदलायचं नव्हतं. जे बदलू शकतं, म्हणजे सूचना, जाहिरातीची ओळ आणि किंमत, ते डेकलवर.

किंमत बदलू शकते हे यंत्र बनवणाऱ्यांना ठाऊक होतं. कोका-कोलाला मात्र ते फार उशिरा परवडलं.

एका डॉलरचा करार

१८८६ साली अटलांटामध्ये जॉन पेंबरटन या औषधविक्रेत्यानं कोका-कोला पहिल्यांदा विकलं तेव्हा एका ग्लासची किंमत होती ५ सेंट. औषधांच्या दुकानात सोडा फाउंटन असायचं. तिथला माणूस सिरपमध्ये सोडा मिसळून ग्लास पुढे करायचा. धंदा पुढे आसा कँडलरच्या हाती आला. कँडलरला वाटायचं की खरा धंदा फाउंटनचाच. बाटलीत भरून विकण्यात फारसा अर्थ नाही.

१८९९ मध्ये टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा गावचे दोन वकील, बेंजामिन थॉमस आणि जोसेफ व्हाइटहेड, त्याच्याकडे आले आणि म्हणाले, बाटलीत भरायचे हक्क आम्हाला द्या. कँडलरनं ते देऊन टाकले. मोबदला ठरला एक डॉलर, आणि तोही त्यानं कधी घेतला नाही असं सांगतात. गंमत पुढेच आहे. कंपनी या दोघांना जे सिरप विकणार त्याचा भाव करारात पक्का लिहिला होता, आणि कराराला मुदतच नव्हती.

म्हणजे साखर महागली, मजुरी वाढली, तरी सिरप जुन्याच भावानं द्यायचं. अशा वेळी कंपनीकडे पैसे वाढवायचा एकच मार्ग उरतो, जास्तीत जास्त सिरप खपवणं. जास्त सिरप खपायला बाटली स्वस्त हवी. पण बाटली विकणारे बॉटलर आणि दुकानदार तर स्वतंत्र. त्यांनी सहा-सात सेंट घेतले तर कंपनी त्यांचा हात कसा धरणार?

कंपनीनं तो जाहिरातीनं धरला. भिंतींवर, पत्र्याच्या पाट्यांवर, मासिकांत, ट्रेवर, कॅलेंडरवर, जिथे म्हणून कोका-कोलाचं नाव तिथे '५ सेंट' हा आकडा. दुकानाबाहेर एवढ्या मोठ्या अक्षरात पाच लिहिलेलं असताना दुकानदार आत सहा मागणार कोणत्या तोंडानं? किंमत कायद्यानं बांधली नव्हती, रंगानं बांधली होती.

सिरपचा करार १९२१ मध्ये बदलला. पहिल्या महायुद्धानंतर साखरेचे भाव भडकले, कंपनी आणि बॉटलर कोर्टात गेले, आणि शेवटी सिरपचा दर साखरेच्या दराशी जोडायचं ठरलं. म्हणजे पाच सेंटला चिकटून राहायचं मूळ कारण तेव्हाच संपलं होतं. पण तोवर देशभर आकडा रंगवून झाला होता. मग मंदी आली. पेप्सीनं त्याच पाच सेंटमध्ये जवळपास दुप्पट, म्हणजे १२ औंसांची बाटली द्यायला सुरुवात केली. अशा काळात साडेसहा औंसांच्या बाटलीची किंमत वाढवणार कोण?

मग दुसरं महायुद्ध. कंपनीचे प्रमुख रॉबर्ट वुडरफ यांनी जाहीर केलं की गणवेशातल्या प्रत्येक अमेरिकन माणसाला, तो जगात कुठेही असो आणि कंपनीला कितीही खर्च येवो, कोका-कोलाची बाटली पाच सेंटलाच मिळेल. त्यासाठी बाटल्या भरायचे चौसष्ट कारखाने परदेशी पाठवले गेले. पाच सेंट ही आता नुसती किंमत राहिली नव्हती, घरची आठवण झाली होती.

नाणं ओळखणारं यंत्र

नाणं टाकलं की वस्तू देणाऱ्या यंत्राची कल्पना फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉननं अशा एका यंत्राचं वर्णन केलं आहे. देवळात नाणं टाकायचं, त्याच्या वजनानं आतली दांडी कलायची आणि तीर्थाचे थेंब बाहेर यायचे. १८८८ मध्ये न्यूयॉर्कच्या रेल्वे फलाटांवर च्युइंगगमची यंत्रं आली. आपल्या रेल्वे स्टेशनांवरची, नाणं टाकल्यावर वजन आणि भविष्य छापलेलं तिकीट देणारी, लुकलुकत्या दिव्यांची यंत्रं याच घराण्यातली.

कोका-कोलाची सुरुवात मात्र बर्फाच्या पेटीनं झाली. १९२९ मध्ये इंडियाना राज्यातल्या ग्लासकॉक ब्रदर्सनी दुकानांसाठी पत्र्याचा कूलर बनवला. बर्फात बाटल्या, आणि पैसे दुकानदाराच्या हातात. १९३७ मध्ये कॅन्सस सिटीत पिअरसन बंधूंनी व्हेंडो कंपनी काढली. त्यांची युक्ती साधी होती. कूलर तोच, फक्त वरचं झाकण बदलायचं. नव्या झाकणात नाण्याची फट, आणि नाणं टाकलं की झाकण फिरून एकच बाटली निघणार. पुढच्या वीस वर्षांत हे झाकण वाढत वाढत उभं यंत्र झालं. व्हेंडोची गाजलेली यंत्रं त्यांच्या आकड्यांनी ओळखली जातात. व्ही-८१ म्हणजे ८१ बाटल्या देणारं.

या यंत्राच्या आत एक छोटासा परीक्षक बसलेला असायचा. टाकलेलं नाणं खरं की खोटं, हे तो ठरवायचा. आधी आकार तपासायचा. मोठं नाणं आतच जाणार नाही, लहान असलं तर बाजूच्या फटीतून पडून परत येईल. मग वजन, एका नाजूक तराजूवर हलकं नाणं दांडी कलवूच शकणार नाही. मग लोहचुंबक. लोखंडी चकती टाकली तर ती तिथेच चिकटायची. खऱ्या नाण्याचा धातू चिकटत नाही, पण चुंबकासमोरून घरंगळताना त्याचा वेग ठरावीक प्रमाणात मंदावतो. कमी मंदावला किंवा जास्त मंदावला, तर नाणं चुकीच्या वाटेनं घसरून बाहेर.

याचा परिणाम कुठवर गेला बघा. १९४२ मध्ये युद्धासाठी निकेल हवं होतं, म्हणून पाच सेंटच्या नाण्यातून ते काढून टाकायचं ठरलं. त्याऐवजी तांबं, ३५ टक्के चांदी आणि थोडं मँगनीज आलं. हे मिश्रण ठरवताना एक अट अशी होती की देशभरच्या यंत्रांना हे नाणं खोटं वाटता कामा नये. सरकार नाणं घडवत होतं आणि यंत्राची मर्जी सांभाळत होतं.

अर्थतज्ज्ञ डॅनियल लेवी आणि अँड्र्यू यंग यांनी या न हलणाऱ्या किमतीचा अभ्यास केला आहे. त्यात ते सांगतात की १९५० मध्ये अमेरिकेतल्या ४ लाख ६० हजार व्हेंडिंग मशीन्सपैकी ८५ टक्क्यांहून जास्त कोका-कोलाची होती. आणि ही यंत्रं एकच नाणं घ्यायची, पाच सेंटचं.

अडकलेली किंमत

आता कंपनीच्या जागी स्वतःला ठेवून बघा. १९४० ते १९५० या दहा वर्षांत अमेरिकेतली महागाई सुमारे ७० टक्क्यांनी वाढली आहे. बॉटलर ओरडताहेत. किंमत वाढवायची आहे, पण वाढवणार किती? अमेरिकेत पाचच्या वरचं नाणं थेट दहा सेंटचं. सहा सेंट करायचे तर गिऱ्हाईकानं पाचचं एक आणि एकचं एक अशी दोन नाणी टाकायची, आणि यंत्रानं ती दोन्ही ओळखायची. तेव्हाच्या यंत्रांना हे भरवशानं जमत नव्हतं. दहा सेंट करायचे तर एका रात्रीत किंमत दुप्पट.

आपल्याकडचे बिस्किटवाले यावर काय करतात हे तुम्हाला माहीत आहे. पुडा पाच रुपयांचाच राहतो, आतली बिस्किटं पातळ होतात, मग एखादं कमी होतं. कोका-कोलाला तीही वाट बंद होती. बाटली काचेची, साडेसहा औंसांची, ठरलेल्या आकाराची; गिऱ्हाईक ती रिकामी करून परत करायचं, ती धुऊन पुन्हा भरली जायची. देशभर फिरणाऱ्या बाटल्या लहान कशा करणार? आणि यंत्रातले कप्पेही त्याच बाटलीच्या मापाचे.

मग सुचल्या त्या युक्त्या आज विनोदी वाटतात. एक कल्पना अशी होती की यंत्रात भरायच्या दर नऊ बाटल्यांत एक बाटली रिकामी ठेवायची. ज्याच्या नशिबात ती येईल त्यानं आणखी पाच सेंट टाकून दुसरी घ्यायची. हिशोब केला तर आठ भरलेल्या बाटल्यांचे ४५ सेंट होतात, म्हणजे बाटलीमागे ५.६२५ सेंट. गणित बिनचूक आहे. फक्त रिकामी बाटली हातात आलेल्या माणसाचा चेहरा त्यात धरलेला नाही. ही योजना देशभर कधीच लागू झाली नाही.

दुसरी कल्पना आणखी पुढची. यंत्र नाण्याप्रमाणे बदलता येत नाही ना, मग नाणंच यंत्राप्रमाणे बदला! १९५३ मध्ये वुडरफ यांनी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना, ते त्यांचे मित्रही होते, साडेसात सेंटचं नवं नाणं काढायची विनंती केली. अर्थखात्यानं ती मानली नाही. एका सरबताच्या बाटलीसाठी देशाच्या चलनात नाणं घालायला निघालेली कंपनी क्वचितच दुसरी सापडेल.

शेवटी किंमत हलली ती हळूहळू, गावागावानं. १९५१ मध्ये कंपनीनं नव्या जाहिरातींवर '५ सेंट' छापणं थांबवलं. कुठे सहा, कुठे सात, यंत्रांवर बहुतेक दहा असे भाव होत गेले, आणि १९५९ पर्यंत पाच सेंटची बाटली सगळीकडून गेली. सत्तरहून अधिक वर्षं टिकलेली ही किंमत गेली तेव्हा कुठे मोठी घोषणा झाली नाही. एखाद्या सकाळी बॉटलरचा माणूस ट्रकमधून उतरला असेल, त्यानं यंत्राचं दार उघडून नाणं ओळखणारा भाग बदलला असेल, जुनं डेकल खरवडून नवं '१० सेंट'चं डेकल चिकटवलं असेल आणि पुढच्या पंपाकडे निघून गेला असेल. त्या सकाळची नोंद कुणी वहीत केली असेल-नसेल. पत्र्यावर मात्र ती झाली.

डाग म्हणजे नेमकं काय

आता डागाकडे. यंत्र बघताना 'डाग' म्हणून जे दिसतं त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात, आणि तिन्हींचा इलाज वेगळा. घोळ होतो तो तिन्हींना एकच समजल्यामुळे.

पहिली गोष्ट म्हणजे मळ. डेकलचा उरलेला पापुद्रा, डिंक, वार्निश, त्यावर बसलेली धूळ. हे रंगाच्या वर असतं, म्हणून निघतं.

दुसरी गोष्ट सावली. इथे रंगावर काहीच नसतं. उन्हातली अतिनील किरणं रंगाला धरून ठेवणारा बांधक हळूहळू मोडतात. रंगाचे कण मोकळे होतात आणि वरचा थर भुरभुरीत होतो. चुन्याच्या भिंतीला पाठ टेकली की शर्टावर पांढरं येतं, तसंच. लाल यंत्रावर ओलं फडकं फिरवलं की फडकं गुलाबी होतं ते याच कारणानं. डेकलखालच्या रंगाला हे ऊन लागलेलंच नसतं. म्हणजे ज्याला आपण डाग म्हणतो तो एवढाच चांगला राहिलेला रंग. डागाळलेलं आहे ते बाकीचं सगळं यंत्र.

तिसरी गोष्ट मुरलेला डाग. डेकलच्या शाईतला किंवा वार्निशमधला एखादा घटक वर्षानुवर्षं खालच्या रंगात झिरपलेला असतो. पांढऱ्या भागावर तो पिवळसर किंवा तपकिरी दिसतो. तो रंगाच्या आत असतो.

काढायचा कसा

सुरुवात कोमट पाणी आणि साध्या साबणानं करायची. ओलं फडकं डेकलवर बराच वेळ ठेवलं तर जुना डिंक कधीकधी आपणहून सुटतो. नाही सुटला तर हेअर ड्रायरची मध्यम ऊब द्यायची आणि प्लास्टिकच्या पट्टीनं, जुनं एटीएम कार्ड चालेल, कडेकडेनं उचलायचं. ब्लेड आणि तारेचा ब्रश दूर ठेवायचे. डेकल एका मिनिटात जातं आणि ओरखडा कायमचा राहतो.

चिकटा उरला तर मिनरल टर्पेंटाइन किंवा नॅफ्था फडक्यावर घेऊन हलक्या हातानं पुसायचं. यंत्रावर ओतायचं नाही. आधी दाराच्या आतल्या कडेला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, थेंबभर लावून बघायचं. रंग फडक्यावर उतरला तर तिथेच थांबायचं. थिनर आणि नेलपॉलिश काढायचं अ‍ॅसिटोन इथे शत्रू आहेत. ते डेकल विरघळवतात तसा खालचा जुना रंगही विरघळवू शकतात, आणि सुटलेला लाल रंग शेजारच्या पांढऱ्या अक्षरांत शिरला की परत निघत नाही. ही सगळी द्रावकं पेट घेतात, त्यामुळे खिडक्या उघड्या हव्यात, जवळ शेगडी किंवा सिगारेट नको, आणि हेअर ड्रायरचं काम संपून पत्रा गार झाल्यावरच बाटली उघडायची.

मळ गेला की सावली उघडी पडते. ती 'काढता' येत नाही. भोवतालचा मेलेला थर उतरवून तिच्या पातळीला आणता येतो. बारीक पॉलिश किंवा रबिंग कंपाउंड मऊ कापडावर घेऊन आजूबाजूचा भाग थोडा थोडा घासायचा. खालचा ताजा लाल वर यायला लागतो आणि सावलीची कड फिकट होत जाते. पण रंगाची जाडी फार थोडी असते, आणि कडा, कोपरे, उठावाची अक्षरं इथे त्याहून थोडी. जरा जास्त घासलं की प्रायमर दिसतो आणि मग परतीची वाट नाही. म्हणून दर थोड्या वेळानं थांबून बघायचं. शेवटी मेण लावलं की उरलेला फरक डोळ्याला आणखी कमी जाणवतो.

मुरलेला डाग बहुतेक वेळा राहतोच. तो घालवायचा म्हणजे तेवढा रंग घालवायचा.

आणि एक गोष्ट गंभीरपणे. त्या काळच्या रंगांत शिसं असू शकतं. अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर बंदी आली ती १९७८ मध्ये. म्हणून असा रंग पॉलिश पेपरनं कोरडा घासायचा नाही. ओलं काम करायचं, मास्क आणि हातमोजे घालायचे, लहान मुलांना लांब ठेवायचं आणि फडकी वेगळी बांधून टाकायची.

काढायचा का

जुन्या यंत्रांच्या जगात दोन पंथ आहेत. एक पंथ यंत्र सगळं खोलतो, पत्रा उघडा करतो, पोचे काढतो, नवा लाल रंग मारतो आणि नव्यानं छापलेली डेकल्स लावतो. यंत्र १९५६ साली कारखान्यातून निघालं तसं दिसतं. बऱ्याचदा त्याहूनही चकचकीत. दुसरा पंथ म्हणतो की रंग कितीही वेळा मारता येतो, पण मूळ रंग एकदाच असतो. त्यामुळे धुवा, पुसा, गंज थांबवा आणि हात आवरा.

पहिल्या पंथाला हसण्याचं कारण नाही. पत्रा गंजून चाळण झाली असेल, आधीच कुणी तीन वेळा घरगुती ऑइल पेंट फासला असेल, तर जपायला फारसं उरलेलंच नसतं. ज्याला ते यंत्र घरात चालवायचं आहे त्याला ते सुंदर दिसावंसं वाटणं हेही चूक नाही. आणि तीस वर्षांपूर्वी कुणी हौसेनं चिकटवलेल्या भलत्याच स्टिकरचा डाग असेल, तर खुशाल काढावा.

पण पाचचा डाग वेगळा आहे. कोका-कोलाची किंमत कधी, कशी बदलली हे आपल्याला जाहिराती, करार आणि पत्रव्यवहारातून कळतं. ते सगळे कागद वरच्या मजल्यावरचे. अमुक रस्त्यावरच्या अमुक पंपावर ती किंमत एक दिवस खरंच दुप्पट झाली, एका माणसानं आकडा खरवडला आणि दुसऱ्या दिवशी तिथे नेहमीसारखा आलेला पोरगा खिशातलं एकच नाणं हातात धरून उभा राहिला, हे सांगणारा कागद बहुधा कुठेच नाही. तो पुरावा पत्र्यावर आहे, आणि तोही ऊन कुठे पडलं नाही एवढ्यापुरता. दहा मिनिटं रबिंग कंपाउंड मारलं की तो संपतो. नवं डेकल बाजारात मिळतं, ५चंही मिळतं आणि १०चंही. पण एकावर एक बसलेल्या त्या दोन सावल्या छापून मिळत नाहीत. नवं '५ सेंट' लावलेलं यंत्र सांगतं की बाटली पाच सेंटला मिळायची. जुन्या सावलीचं यंत्र सांगतं की ती पाच सेंटला मिळायची थांबली. इतिहास म्हणून दुसरी गोष्ट जास्त मोलाची आहे.

म्हणून माझं मत एवढंच की चिकटा काढा, सावली ठेवा. चिकटा मळ धरतो, ओल धरतो, खालचा रंग खराब करतो. तो ठेवण्यात काही राखलं जात नाही. सावली कुणाचं काही बिघडवत नाही. आणि ती काढायचीच असेल, तर आधी फोटो घ्या. दिवे घालवा, मोबाइलचा टॉर्च एका बाजूनं पत्र्यालगत तिरपा धरा, शेजारी मोजपट्टी ठेवा आणि दुसऱ्या मोबाइलनं चार बाजूंनी चार फोटो काढा. वस्तुसंग्रहालयातली माणसंही तिरप्या उजेडाची हीच युक्ती वापरतात. सोबत यंत्र कुठे सापडलं, कोणत्या गावात, कुणाच्या पडवीत, हे दोन ओळींत लिहून ठेवा. यंत्र विकलं तर ते फोटो यंत्रासोबत द्या.

ही सवय अमेरिकेतल्या लाल यंत्रापुरती ठेवायचं कारण नाही. गावातल्या बंद दुकानाच्या शटरवर, एसटी स्टँडच्या जुन्या पाटीवर, आजोबांच्या स्कूटरच्या डिकीवर असे चौकोन असतातच. रंगारी येण्याआधी पाच मिनिटं मिळाली तर टॉर्च तिरपा धरून बघा. काही वेळा काहीच दिसणार नाही. काही वेळा एखादा आकडा दिसेल.

आणि घरातल्या त्या कपाटाला या दिवाळीत नवा रंग देणार असाल, तर त्या चौकोनाचाही एक फोटो काढून ठेवा. आईला पाठवा. स्टिकर कुणाचा होता हे तिला नक्की आठवत असेल.